रिकामी खोली : कलावंताचे वास्तव्य आणि आतिथ्याची नीती

(१)

कलाकृती आणि कलावंत यांच्या संबंधाची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झाली आहे. कलाकृती आणि समाज यांच्या संबंधाचीही झाली आहे. या दोन चर्चांच्या मध्ये असणारी एक साधी गोष्ट मात्र बहुधा निसटून जाते. ज्या जागी राहून कलावंत काम करतो ती जागा त्याला कोणी दिलेली असते, आणि त्या देण्यातून काही नैतिक संबंध उत्पन्न होतात. येथे 'जागा' म्हणजे परिसर, वातावरण किंवा प्रेरणास्थान नव्हे. खोली, अंथरूण, पाणी, उजेड आणि निवांतपणा इतक्याच मर्यादित अर्थाने हा शब्द येथे योजला आहे. स्वतःचे घर सोडून, काही काळ अन्यत्र राहून निर्मिती करण्याची प्रथा आज जगभर रूढ झाली आहे. तिला 'निवासी कलाकेंद्र' किंवा नुसतेच 'रेसिडेन्सी' असे म्हटले जाते. अशा केंद्रात सामील होणे हा कलावंताच्या सोयीचा प्रश्न मानला जातो. तो नीतीचाही प्रश्न आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

विचाराच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पावे. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशन आहे. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाड ते हैदराबाद हा मार्ग सुरू झाला आणि शिवना नदीकाठच्या लासूर गावाच्या नावाने एक स्थानक उभे राहिले. त्याच्या भोवती पुढे बाजारपेठ वाढली आणि वस्तीचे नावच 'लासूर स्टेशन' असे पडले. समजा, या वस्तीत चार-पाच चित्रकारांनी मिळून एक जुने घर भाड्याने घेतले. खोल्यांतील पलंग-खुर्च्या काढून टाकल्या, जमिनीवर जाड चटया अंथरल्या, कागदी झडपांची सरकती दारे बसवली, अंथरुणांसाठी भिंतीत कपाट केले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाची जागा केली. सरकारचे अनुदान नाही, कोणी धनिक आश्रयदाता नाही; सारा कारभार चित्रकारांचाच. अशा ठिकाणी तीन महिने राहण्याचे निमंत्रण एखाद्या चित्रकर्तीला आले, तर तिने ते स्वीकारावे काय? आणि स्वीकारले, तर ती नेमकी कशात सामील होते?

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रत्येक घटकाला प्रत्यक्ष इतिहास आहे. कलावंतांनीच चालवलेले घर, जपानी पद्धतीची खोली आणि याच जिल्ह्यातील परक्या चित्रकारांचे वास्तव्य, असे ते तीन घटक होत. त्यांचा क्रमाने विचार केल्यास मूळ प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होऊ शकेल.

(२)

प्रथम खोलीचा विचार. जपानी पद्धतीच्या खोलीचे वैशिष्ट्य असे की तिला नेमून दिलेले काम नसते. रात्री अंथरूण घातले की ती शयनगृह होते. सकाळी ते गुंडाळून कपाटात गेले की तीच बैठकीची, जेवणाची वा कामाची खोली होते. पादत्राणे उंबरठ्याशीच राहतात. सुमारे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा चटईच्या मापाने खोली मोजली जाते. चहाविधीची खोली साधारणतः साडेचार चटयांची, म्हणजे नऊ फूट लांबीरुंदीची असते. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या चहाविषयीच्या आपल्या ग्रंथात या मापाचे मूळ एका बौद्ध सूत्रात असल्याचे सांगितले आहे. ते सूत्र म्हणजे विमलकीर्तीचे. वैशालीचा हा श्रीमंत गृहस्थ आजारी असतो. मंजुश्री आणि त्याच्यासोबतचा अफाट समुदाय समाचाराला येणार हे कळताच तो आपली खोली रिकामी करतो. एक बिछाना तेवढा उरतो. आणि त्या लहानशा खोलीत सर्वजण मावतात.

या कथेचा अर्थ सामान्यतः शून्यतेच्या तत्त्वज्ञानाच्या अंगाने लावला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यात एक नैतिक बारकावाही आहे. खोली आपोआप रिकामी नसते. ती रिकामी केली जाते, आणि ती यजमान करतो. पाहुण्याला जे मोकळेपण म्हणून अनुभवास येते ते दुसऱ्या कोणाच्या तरी कृतीचे, क्वचित त्यागाचे फल असते. मराठीतील 'यजमान' या शब्दाचा मूळ अर्थ यज्ञ करविणारा, म्हणजे स्वतःचे द्रव्य वेचणारा असा आहे, ही गोष्ट येथे सूचक म्हणावी लागेल.

ज्या वर्षी ओकाकुरांचा ग्रंथ आला त्याच वर्षी त्यांनी आपल्या कलासंस्थेचा चित्रविभाग तोक्योहून इझुरा या समुद्रकाठच्या दूरच्या खेड्यात हलवला. योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो, शिमोमुरा कान्झान आणि किमुरा बुझान हे चार चित्रकार सहकुटुंब तेथे राहावयास गेले. यांतील ताइकान आणि शुन्सो १९०३ मध्ये कोलकात्यास येऊन ठाकूर परिवाराच्या सहवासात राहून गेले होते. म्हणजे पाहुणेपणाचा अनुभव त्यांना होता. इझुरा येथे एकाच दालनात ओळीने जमिनीवर बसून काम करणाऱ्या या चौघांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. कलावंतांनी कलावंतांसाठी चालवलेल्या निवासाचे आधुनिक काळातील हे एक आदिरूप मानता येईल.

त्या छायाचित्रात जे दिसते त्याइतकेच जे दिसत नाही तेही महत्त्वाचे आहे. चित्रे विकली जात नव्हती, आर्थिक ओढाताण होती. दालनात चार चित्रकार बसले आहेत. त्यांना बसता यावे म्हणून चार घरे चालवणाऱ्या स्त्रिया चौकटीबाहेर आहेत, आणि ज्यांच्या किनाऱ्यावर ही घरे उभी होती ते मासेमारही चौकटीबाहेर आहेत. डोळ्यांच्या विकारामुळे शुन्सो १९०८ मध्ये उपचारांसाठी तोक्योला परतले. इझुराचा प्रयोग फार काळ टिकला नाही. पण त्यातून निर्माण होणारा प्रश्न टिकून आहे. कलावंतांनी चालवलेल्या घरात यजमान आणि पाहुणे एकाच वर्गातले असतात. आश्रयदात्यापुढे झुकावे लागत नाही, म्हणून हे घर नैतिकदृष्ट्या निर्मळ वाटते. परंतु याच समतेमुळे खरा यजमान, म्हणजे ते गाव, दृष्टीआड होण्याचा संभव असतो. आश्रयदाता असतो तेथे ऋण निदान दिसते. तो नसतो तेथे ऋणच नाही असा समज सहज होतो.

(३)

गावाला 'खरा यजमान' म्हणणे ही नुसती भावनिक भाषा आहे, असा आक्षेप येऊ शकेल. घरभाडे दिले की व्यवहार पूर्ण झाला. उरलेले ऋण कसले? या आक्षेपाचा विचार करताना कांटने केलेला एक भेद उपयोगी पडतो. शाश्वत शांततेविषयीच्या १७९५ मधील आपल्या निबंधात त्याने परक्या व्यक्तीचे दोन अधिकार वेगळे केले आहेत. पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वांचा समाईक असल्याने कोठेही जाऊन शत्रू न ठरता भेट देण्याचा अधिकार प्रत्येक माणसास आहे. पाहुणा म्हणून राहण्याचा अधिकार मात्र त्यातून निघत नाही. त्यासाठी यजमानाशी स्वतंत्र करार व्हावा लागतो. युरोपीय व्यापारी राष्ट्रांनी भेटीचा अर्थ जिंकणे असा केला, अशी टीका करून चीन आणि जपान यांनी अशा पाहुण्यांवर निर्बंध घातले ते शहाणपणाचेच झाले, असेही त्याने नोंदवले आहे. कांटच्या भेदाचा येथील अन्वय असा की, भेट आणि वास्तव्य यांत कालावधीचा नव्हे तर नैतिक प्रतीचा फरक आहे. वास्तव्याला संमती लागते, आणि ती संमती देणारा नेमका कोण हे ठरवावे लागते. घरमालकाची संमती म्हणजे गावाची संमती नव्हे.

भारतीय परंपरेत 'अतिथी' या कल्पनेचा गौरव सर्वपरिचित आहे. तिची मर्यादा तितकी परिचित नाही. मनुस्मृतीने एक रात्र राहणारा तो अतिथी अशी व्याख्या केली आहे, आणि ती ब्राह्मणापुरती केली आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही. वैश्य व शूद्र आले तर त्यांना सेवकांबरोबर जेवू घालावे, अशी तेथील व्यवस्था आहे. जे या चौकटीच्याही बाहेर होते त्यांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून 'अतिथीला देव मानणारी संस्कृती' असे म्हणताना कोणाला अतिथी होता येत होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात याच प्रश्नाची काही उदाहरणे नोंदवली आहेत. शीर्षकातील 'व्हिसा' हा शब्द कांटच्या भेटीच्या अधिकाराशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९१७ मध्ये अमेरिका-इंग्लंडमधील अध्ययनानंतर बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यास गेलेल्या आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत त्यांनी पारशी नाव लावून आश्रय घेतला. त्या सराईत दुसरा प्रवासी नव्हता. इमारत रिकामी होती. तरीही अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. १९३४ मध्ये वेरूळ पाहण्यास निघालेले ते व त्यांचे सहकारी दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी तेथील हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले आणि हौद बाटवल्याचा आरोप होऊन त्यांना घेराव पडला. दौलताबाद हे लासूरनंतर औरंगाबादच्या दिशेने पोटूळ ओलांडले की येणारे स्थानक आहे. त्याच लेखनात बालपणी मसूर स्थानकावर आलेला अनुभवही आहे. जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली होती आणि कोणी गाडीवान त्यांना न्यावयास तयार नव्हता.

या घटनांमुळे विमलकीर्तीच्या कथेला एक आवश्यक पुरवणी जोडली जाते. जागा रिकामी असणे आणि ती देऊ केलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्टेशन हे गावासारखे कोणाच्या मालकीचे नसते, तेथे सर्वांना समान थारा असतो, ही आधुनिक समजूतही तपासून घ्यावी लागते. लासूर स्टेशनातील कल्पित घराला हा इतिहास लागू आहे. ज्या चित्रकर्तीला तेथे भाड्याने खोली सहज मिळते तिची सहजता ही तिची कमाई नाही. त्या सहजतेमागे काही दारे काही लोकांना बंद असल्याचा इतिहास असतो. कलावंत म्हणून मिळणारे स्वागत हे कलेला मिळालेले आहे की आडनावाला, हा प्रश्न तिने स्वतःला विचारावयास हवा.

(४)

आता याच जिल्ह्यातील प्रत्यक्ष वास्तव्याकडे वळता येईल. अजिंठ्याची लेणी ही मुळातच वास्तव्याची जागा. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षुसंघाला निवासासाठी दिले. एकोणिसाव्या शतकापासून या रिकाम्या विहारांकडे चित्रकारांची रीघ लागली. त्यांचे काम एकच, भिंतीवरील चित्रांच्या प्रतिकृती करणे. पण प्रत्येकाचे राहणे वेगळे होते आणि त्या वेगळेपणात नैतिक फरक आहेत.

मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक १८४४ मध्ये झाली. अजिंठा गावाच्या बारादरीत ते राहिले आणि पुढील आयुष्य बहुतांशी याच मुलखात काढून १८७९ मध्ये निवर्तले. त्यांची कबर भुसावळला आहे. पारो या स्थानिक स्त्रीशी त्यांचे साहचर्य होते. १८५६ हे वर्ष कोरलेली तिची समाधी अजिंठा गावात आहे, आणि ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे ती मराठी वाचकांच्या मनात कायमची आहे. येथे समीक्षेने एक सावधगिरी बाळगावयास हवी. गिल-पारो ही कथा प्रेमकथा म्हणून वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रेमकथेत देणे-घेणे समसमान वाटते. परंतु चित्रांखाली नाव गिल यांचे आहे, आणि पारोविषयी त्या समाधीच्या दगडापलीकडे फारच थोडे उरले आहे. परक्या कलावंताला गाव ज्या माणसांच्या रूपाने भेटते त्यांची नोंद अशीच एखाद्या दगडापुरती राहते.

जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन काम केले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यातूनच घडले. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत फर्दापूरजवळ छावणी टाकली. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फझलुद्दीन त्यांच्यासोबत होते. त्यानंतर १९१७-१८ च्या हिवाळ्यात जपानी चित्रकार आले. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोलकात्यात शिकवत असलेले अराई कांपो, तरुण चित्रकार नोउसु कोसेत्सु आणि कलेतिहासाचे अभ्यासक सावामुरा सेंतारो हे त्या गटात होते. तोक्योच्या 'कोक्का' या कलाविषयक नियतकालिकाच्या संस्थेने हे काम हाती घेतले होते. नारा येथील होर्युजी मंदिराच्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य जपानी अभ्यासकांना खुणावत होते. १९१७ हे वर्ष येथे पुन्हा येते. ज्या वर्षी बडोद्याच्या रिकाम्या सराईतून आंबेडकरांना बाहेर काढले गेले त्याच वर्षाच्या अखेरीस समुद्रापारच्या चित्रकारांसाठी अजिंठ्याची दारे उघडली होती. यात त्या चित्रकारांचा दोष नाही. परंतु आतिथ्य हा केवळ दोन व्यक्तींमधील व्यवहार नसून एका व्यवस्थेने केलेली निवड असते, हे या योगायोगाने ध्यानी यावे.

या सर्व परिश्रमांचे फलित काय? गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये दक्षिण केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जपानी चमूच्या प्रतिकृती तोक्यो विद्यापीठात ठेवल्या होत्या; १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याही नष्ट झाल्या. उलट एकोणिसाव्या शतकातील प्रतिकृतिकारांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर चढवलेले व्हार्निश मात्र टिकले. ते पुढे काळवंडले, आणि ते काढण्यासाठी विसाव्या शतकातील संवर्धकांना दीर्घकाळ झटावे लागले. पाहुण्याने सोबत नेले ते जळाले. मागे ठेवले ते यजमानाला निस्तरावे लागले.

या घटनाक्रमाला एक उपसंहार आहे. १९४० मध्ये होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम जपानमध्ये सुरू झाले. त्यासाठी नेमलेल्या चार गटप्रमुखांपैकी एक अराई कांपो होते. १९४५ मध्ये ते वारले. काम चालू राहिले. २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे सुवर्णमंडपाला आग लागली आणि बारा मोठी भित्तिचित्रे करपून गेली. थंडीपासून बचावासाठी प्रतिकृतिकार वापरत असलेल्या विजेच्या उबदार गाद्यांपैकी एखादीमुळे ही आग लागली असावी, असा एक तर्क तेव्हापासून केला जातो. हा तर्क निर्णायक नाही. परंतु तो केला गेला यातच एक अस्वस्थ करणारा विचार आहे. चित्र वाचवण्यासाठी आलेल्याच्या बसण्याची सोय हीच चित्राच्या नाशाचे कारण होऊ शकते. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा कायदा केला, आणि ती तारीख तेथे अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळली जाते.

(५)

येथे कलेच्या स्वायत्ततेचा कैवार घेणारा समीक्षक हरकत घेईल. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त ज्याला अलौकिकतावादी ध्रुव म्हटले आहे त्या बाजूने पाहता, चित्राचे मूल्य त्याच्या अंतर्गत रचनेत असते. मर्ढेकरांच्या परिभाषेत ते संवाद, विरोध आणि समतोल यांच्या लयीत असते. चित्रकार कोठे झोपला, पाणी कोणी आणले, याचा चित्राच्या सौंदर्याशी संबंध काय? ऋणाची भाषा आणली की कलेचे मूल्यमापन कृतज्ञतेच्या प्रमाणपत्रात परिवर्तित होईल.

ही हरकत गंभीर आहे आणि तिचा एक भाग मान्यच करावयास हवा. यजमानाशी सद्वर्तन करणाऱ्याचे चित्र त्यामुळे चांगले ठरत नाही आणि दुर्वर्तन करणाऱ्याचे वाईट ठरत नाही. परंतु या हरकतीत एक गृहीतक दडलेले आहे. वास्तव्य हे निर्मितीचे केवळ साधन आहे. चित्र पूर्ण झाले की साधन गळून पडते, असे ते गृहीतक. व्हार्निशचे उदाहरण ते खोडून काढते. भिंतीला व्हार्निश लावणे ही कलाबाह्य कृती नव्हती. ती पाहण्याचीच एक पद्धत होती. भिंत ही आपल्या प्रतिकृतीचे साधन आहे अशा नजरेने जो पाहतो तोच तिच्यावर व्हार्निश चढवतो. म्हणजे पाहुणा कसा राहतो हे तो कसे पाहतो यापासून अलग नसते, आणि पाहण्याची रीत तर निःसंशय कलेच्या आतली बाब आहे.

दुसऱ्या बाजूनेही हेच दिसते. प्रतिकृती जळाल्या, पण अजिंठ्याचे वास्तव्य वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. नंदलालांच्या रेषेत ते उतरले. नोउसु कोसेत्सु यांनी १९३० च्या दशकात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात बुद्धचरित्राची भित्तिचित्रे रंगवली. जो भिंतीवरून चित्र उतरवून घ्यावयास आला होता त्याने याच देशातील एका भिंतीला चित्र दिले. सय्यद अहमद तर पुढे अजिंठ्याच्या लेण्यांचे अभिरक्षक झाले. पाहुणा राखणदार झाला. प्रतिकृती करण्याच्या जुन्या जपानी रीतीत मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून तो पुनःपुन्हा गुंडाळतात व उलगडतात, आणि नजरेत क्षणभर उरलेली आकृती कागदावर उतरवतात. त्यात स्वतःची सवयीची रेषा बाजूला ठेवावी लागते. यजमान खोली रिकामी करतो, त्याला पाहुण्याचे उत्तर कोणते असू शकते हे येथे कळते. पाहुण्याने स्वतःला काही अंशी रिकामे करावे. वास्तव्याचे फलित कलाकृतीत शोधण्याआधी ते कलावंताच्या पाहण्यात झालेल्या बदलात शोधावे लागते ते यासाठी.

मात्र हे रिकामे होणे एकतर्फी मागता येत नाही. पाहुणा दुर्बळ आणि यजमान प्रबळ असेल तेव्हा त्याचा अर्थच पालटतो. जपानच्या निइगाता प्रांतात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत १९८२ पासून 'मिथिला म्युझियम' चालत आले. भारतातील मिथिला, वारली आणि गोंड चित्रकार तेथे महिनोन्‌महिने राहून चित्रे काढत असत. २००१ मध्ये तेथील वास्तव्यात असतानाच जनगढ सिंह श्याम या थोर गोंड चित्रकाराने आपले जीवन संपवले. एका माणसाच्या अशा अंताला एखादे कारण चिकटवणे अनुचित ठरेल. परंतु या घटनेनंतर भारतीय कलाजगतात जो ऊहापोह झाला त्याने एक गोष्ट ऐरणीवर आणली. दूर देशी, परभाषेत राहणाऱ्या पाहुण्याला मनात येईल तेव्हा घरी परतता येणे ही आतिथ्याची पहिली अट आहे. ज्या खोलीतून सहज निघता येत नाही ती कितीही शांत आणि प्रशस्त असली तरी तिला निवास म्हणता येणार नाही.

(६)

अजिंठ्याच्या मूळ रहिवाशांनी या प्रश्नाचा विचार केला होता. नाशिक आणि कार्ले येथील शिलालेखांत लेण्यांचे दान 'चातुर्दिश' संघाला, म्हणजे चारही दिशांच्या भिक्षूंना दिल्याचे उल्लेख आहेत. बौद्ध परिभाषेत या संघात आलेले आणि अद्याप न आलेले असे दोन्ही भिक्षू येतात. याचा अर्थ असा की विहारात राहणारा भिक्षू हा मालक नाही आणि अखेरचा पाहुणाही नाही. त्याच्यामागून येणाऱ्याचा त्या खोलीवर त्याच्याइतकाच हक्क आहे. पाली विनयपिटकातील काही नियम याच जाणिवेतून आले आहेत. संघाच्या मालकीचे अंथरूण घालून ते न आवरता वा कोणाच्या स्वाधीन न करता निघून जाणे हा प्रायश्चित्तास पात्र दोष आहे. आधी आलेल्या भिक्षूला अडचण होईल अशा रीतीने पथारी पसरणे हाही दोष आहे, आणि रागाच्या भरात दुसऱ्याला विहाराबाहेर काढणे हाही. या नियमांत कृतज्ञतेचा उद्‌घोष कोठेही नाही. अंथरूण आवरा, अडचण करू नका, कोणाला हाकलू नका, एवढेच ते सांगतात. आतिथ्याच्या नीतीची याहून नेमकी मांडणी करणे कठीण आहे. बडोद्याच्या सराईत मोडला गेला तो यांतील तिसरा नियम. अजिंठ्याच्या भिंतींवर व्हार्निश राहिले ते पहिला मोडल्यामुळे.

आता लासूर स्टेशनच्या कल्पित घराकडे परतता येईल. ती चित्रकर्ती तेथे जाऊ शकते. जाऊ नये असे म्हणण्यास कोणतेही सबळ कारण दिसत नाही. तिने मात्र हे ओळखावयास हवे की ती चार-पाच चित्रकारांच्या मंडळात सामील होत नसून, त्या मंडळाच्या मार्फत एका गावात सामील होते. जपानी पद्धतीची खोली निवडणे यात सौंदर्यदृष्टी आहेच. पण त्या खोलीची शिस्त केवळ दृष्टीपुरती उसनी आणता येत नाही. सकाळी अंथरूण आवरणे हे त्या खोलीचे व्याकरण आहे, आणि विनयातील नियमाशी त्याचे नाते स्पष्ट आहे. घरासाठी कोणी खोल्या रिकाम्या केल्या, उन्हाळ्यात टँकरचे पाणी येईल तेव्हा रंगाचे ब्रश धुण्यासाठी ते कोणाच्या वाट्यातून घेतले जाईल, गावातील कोणाला त्या घराच्या ओसरीवर सहज येऊन बसता येईल आणि कोणाला येणार नाही, हे प्रश्न तिच्या चित्राच्या विषयात येण्याची गरज नाही. ते तिच्या राहण्यात येणे पुरेसे आहे. राहण्यात आले की ते पाहण्यात येतील, आणि पाहण्यात आले की चित्रात त्यांचे काय होते ते चित्राच्या नियमांनी ठरेल. स्वायत्ततेला याहून अधिक स्वातंत्र्य मागता येत नाही, आणि नीतीलाही याहून अधिक अधिकार देता येत नाही.

मराठीत पत्ता लिहिताना गावाच्या नावाआधी 'मुक्काम पोस्ट' असे लिहिण्याची रीत आहे. कायम राहणारा माणूसही आपल्या गावाआधी थांब्याचा शब्द लिहितो. लासूर स्टेशनच्या रहिवाशाच्या पत्त्यात तर थांबा दोनदा येतो. 'विहार' या शब्दातही फिरणे आणि राहणे असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. परका कलावंत आणि गावकरी यांच्यातील अंतर या भाषिक साक्षीने पुसले जात नाही; जात, पैसा आणि परतीची सोय यांनी ते पडलेले असते आणि ते मान्य करूनच पुढे जावे लागते. परंतु खोली कोणाचीच कायमची नसते हे मान्य केले, म्हणजे ती पुढच्यासाठी आवरून ठेवण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. कलावंताच्या वास्तव्याची समीक्षा करावयाची तर त्याने तेथे कोणती कलाकृती केली याबरोबरच, तो गेल्यावर ती खोली कोणत्या अवस्थेत होती आणि तिच्यात पुढे कोणाला येता आले, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.